आकीने मोजलेला कोपरा

लांबघरात एका छपराखाली राहणाऱ्या बावीस बिऱ्हाडांत ड्रोन उडवता येतो तो एकट्या लुलोंगला, आणि हे पुरुषांना अजून पचलेलं नाही. शहरातल्या संस्थेची माणसं शिकवायला आली, तेव्हा तिच्या नवऱ्यासकट सगळे कर्ते पुरुष सीमेपलीकडे सारावाकला कामाला गेले होते. उरले म्हातारे आणि बायका. यंत्र गुणगुणायला लागताच म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. लुलोंग म्हणाली, "आणा इकडे. मासे वाळत घालायचेत माझे, पटकन दाखवा." तिसऱ्या दिवशी ती शिकवणाऱ्यांपेक्षा सफाईने उडवत होती.

तेव्हापासून दोन वर्षं ती गावाची जमीन मोजत होती. वरून ड्रोनने फोटो काढायचे आणि खालून मोबाईल घेऊन हद्दीवरून चालायचं. प्रत्येक वळणावर थांबायचं, आपली जागा दाखवणारं पडद्यावरचं निळं वर्तुळ आक्रसून लहान होईपर्यंत हलायचं नाही, मग बटण दाबून त्या जागेला नाव द्यायचं. भातशेतं, पडीक सोडलेली रानं, जुन्या घरांच्या जागी माजलेल्या डुरियनच्या फळझाडांच्या राया, माशांचे डोह, सगळं नकाशात बसलं. राहिली ती फक्त नदीपलीकडची दफनभूमी.

ती काही आळसाने राहिली नव्हती. खांद्यावर प्रेत असल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर ती जागा महिन्याच्या आत घरातलं माणूस मागून घेते, हे लांबघरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा मोजायला गेलंच नाही कुणी. आणि पाम तेलाच्या कंपनीने आपला नकाशा काढला, त्यात नेमका तेवढाच तुकडा 'रिकामं जंगल' म्हणून रंगवलेला! आपण मान राखून जागा सोडावी आणि दुसऱ्याने ती बेवारस ठरवावी, याला काय म्हणायचं? गावाचा नकाशा जिल्ह्याच्या कचेरीत द्यायला पाच आठवडे उरले होते.

लुलोंगची सासू तिथे होती. आणि तिचा पहिला मुलगाही, तीन दिवसांचा.

ड्रोन वरून गेला तर चालेल का, यावर म्हाताऱ्यांचा खल झाला. निकाल दिला लुलोंगच्या सासऱ्याने. त्याचं नाव जांताई, पण सगळं लांबघर त्याला आकी, म्हणजे आजोबा म्हणायचं, म्हणून तीही तेच म्हणे. आकी म्हणाला, "पाऊल टाकायचं नाही असं आहे ना? मग त्याला पाय कुठायत? पाखरं नाही का जात?"

ड्रोन गेला. फोटोत नुसती झाडं आली. संस्थेच्या बाईने फोनवर सांगितलं, "ताई, झाडं काय, कुठलीही असू शकतात. खाली उभं राहून घेतलेले हद्दीचे बिंदू हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी लुलोंग मोबाईल कमरेला खोचून एकटीच नदीवर निघाली. धक्क्यावर आकी खोकत बसला होता.

"कुठे निघालीस गं?"

"भाजीला."

"फोन घेऊन? भाजीचे फोटो काढणार?"

ती मटकन खाली बसली आणि तिला रडूच फुटलं. "माझं लेकरू आहे तिथे, आकी. त्याच्या अंगावर पामची झाडं लावतील मेले."

"आणि जागेने तुझी पोरगी मागितली म्हणजे?"

तीच भीती पोटात घेऊन ती निघाली होती.

"थांब थोडे दिवस," आकी म्हणाला. "मी जाणारच आहे तिकडे. माझ्याबरोबर ये."

"काहीतरी अभद्र बोलू नका!"

"अभद्र कसलं त्यात? ब्याऐंशी वर्षं झाली. आता काय लग्नाला जाणारे मी? चल, हात दे, उठव मला."

त्या संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले असताना आकीने जाहीर केलं की आपल्याला बायकोशेजारी पुरायचं नाही. पार टोकाला, ओढ्याच्या वळणावर मधमाश्यांचं उंच झाड आहे, त्याच्या बुडाशी पुरायचं. नेताना टेकाडाच्या कडेकडेने न्यायचं आणि परतताना ओढ्याकाठाने यायचं.

"जन्मभर बायकोला सोडून जेवला नाहीस, आता काय भांडण झालं?" घरप्रमुख सेलाका म्हणाला. "खांदेकऱ्यांचा जीव घेणार हा म्हातारा!"

"हलका झालोय रे मी," आकी म्हणाला. "उचलाल."

सगळे हसले. लुलोंगच्या मात्र लख्ख ध्यानात आलं. टेकाडाची कड आणि ओढ्याचा काठ, हीच तर हद्द. ती उठून आत गेली आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिली.

एकोणिसाव्या दिवशी आकी गेला. खोकल्यानेच नेलं त्याला. नवरा सारावाकहून धावत आला. पहाटे होडीतून शवपेटी निघाली. काठावर उतरताना सेलाकाने लुलोंगच्या हातातला मोबाईल पाहिला.

"अगं, आजच्या दिवशी तरी!"

"त्यांनीच बोलावलंय मला," लुलोंग म्हणाली.

सेलाकाने पेटीकडे पाहिलं, मग टेकाडाकडे. मग त्याने तोंडावरून हात फिरवला. "हळू चला रे," तो खांदेकऱ्यांना म्हणाला. "ती थांबेल तिथे थांबायचं."

झाडांखाली वर्तुळ लवकर आक्रसत नाही. प्रत्येक वळणावर ती उभी राही आणि तिच्यामागे पेटी खांद्यावर घेऊन आठ माणसं उभी राहत. घाम निथळत होता, पण कुणी हूं की चूं केलं नाही. एका चिमुकल्या उंचवट्यापाशी ती थांबली. तिथे हद्दीचं वळण नव्हतं. नवऱ्याला ते कळलं, तोही थांबला.

टोकाच्या झाडापाशी आकीला पुरलं. लुलोंगने बटण दाबलं. जागेचं नाव विचारल्यावर तिने 'आकी' असं लिहिलं. मग रीतीप्रमाणे मागे न पाहता सगळे ओढ्याकाठाने परत आले, आणि होडी लावली होती तिथल्या शेवटच्या बिंदूवर नकाशातलं भोक बुजलं.

कचेरीतल्या साहेबाने नकाशावरून बोट फिरवलं. "ही बाजू कोणी मोजली?"

"सासऱ्यांनी."

"मग त्यांची सही लागेल. बोलवा त्यांना."

लुलोंगने टोकाच्या बिंदूवर बोट ठेवलं.

"ते इथेच थांबलेत," ती म्हणाली.