एक दिवस उशिराचं उत्तर

एका लग्नाच्या मांडवात बसून मी बायकोला लिहिलं, ‘तुझ्या मोठ्या मामांचं भाषण काही संपत नाही, मागच्या बाजूनं निघू,’ आणि ते गेलं थेट तिच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं मोठे मामा स्वतः होते. मिनिटभरात माझा फोन वाजला. “पाव्हणं, तेवढं काढून टाका बरं. मामा आता खाली उतरत्याल. त्यांचा मोबाईल मी धरून बसलोय.” हे माझे साडू. दुसऱ्याची चूक इतक्या अलगद झाकणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, असं मी त्या दिवसापासून सांगत आलोय, आणि ते आजही खरं आहे.

साडूंचं वारंगा फाट्यावर विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून देण्याचं दुकान. दिवसभर तांब्याची तार गुंडाळणारा हा माणूस ग्रुपवर मात्र एक अक्षरही घाईनं लिहीत नसे. कुणी काही टाकलं की साडू ते दोनतीनदा वाचायचे, बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं उत्तर लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे आणि रात्रभर तसंच ठेवायचे. सकाळी पुन्हा वाचून पटलं, तरच एका बोटानं मोबाईलवर उतरवायचे. मी एकदा म्हटलं, “अहो, तोवर लोक विसरून जातात.” तर म्हणाले, “वार्निश वाळल्याबिगर मोटारीला करंट देत नसत्यात, पाव्हणं. पुन्हा जळती.” त्यामुळं त्यांचं प्रत्येक उत्तर एक दिवस उशिरा यायचं. माझ्या दोन मेव्हण्यांचं निवडणुकीवरून ग्रुपवर असं जुंपलं, की एकमेकांची शाळेतली प्रगतिपुस्तकं निघाली. दुसऱ्या दिवशी साडूंनी लिहिलं, ‘दोघांचं तीनदा वाचलं. थोरल्याचं पहिलं वाक्य पटलं, धाकट्याचं शेवटचं पटलं. मधलं दोघांनी बी काढलं तर भांडण राहत न्हाई.’ तोवर ते दोघे एकाच मोटरसायकलवर वसमतच्या बाजारात हळद घेऊन गेलेले. कुणीतरी खाली लिहिलं, ‘दाजी, ते कालचं होतं.’ आम्ही सगळे हसलो. मधलं काढून पाहिलं मात्र कुणीच नाही. मी तर नाहीच, कारण ग्रुपवर विनोदी माणूस म्हणून माझं थोडं नाव आहे आणि ते टिकवायला मला सारखं काहीतरी टाकावं लागतं.

त्या विनोदानंच घात केला. एका भाच्याला नोकरी लागली. सगळ्यांनी अभिनंदन केलं, साडूंनी बिलबुक काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या डोंगरकड्याच्या मावशी गेल्याची बातमी ग्रुपवर आली आणि बरोबर तिच्याखाली साडूंचं वाळलेलं उत्तर येऊन पडलं: ‘वाचून फार आनंद झाला. सगळ्यांना पेढे वाटा. अशाच बातम्या आपल्या घरातून एकामागून एक येवोत.’

फोन करायला मला किती वेळ लागला असता? नंबर तर पाठ होता. पण डोक्यात वाक्य आलं आणि बोटं पुढं धावली. मी लिहिलं, ‘साडूभाऊ, पुढचा नंबर कुणाचा तेही सांगून टाका.’ बावीस हसरे चेहरे आले. मी मोजले, म्हणून आकडा माहीत. साडूंनी त्यांचं वाक्य काढून टाकलं. माझं राहिलं. त्यानंतर ते ग्रुपवर कधी काही लिहिनात.

महिनाभर मी वाट पाहिली. शेवटी परवा फाट्यावर गेलो. साडू तार गुंडाळत होते. चहा सांगितला, हळदीचा भाव विचारला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मीच म्हटलं, “साडूभाऊ, माझं चुकलं.”

“कशाचं? तुमी तं गंमत केली.” तार थांबली नाही. “चूक माझी बी हायच. सांत्वनाचं लिवलं होतं मी. ते वाळू घातलं होतं.”

बिलबुक त्यांनीच माझ्यापुढं सरकवलं. पेन्सिलीचं होतं, दोनदा खोडलेलं: ‘लग्नानंतर पहिल्यांदा डोंगरकड्याला गेलो तेव्हा लाजून अर्धपोटी उठलो. मावशीनं मागच्या दारात बोलावून पुन्हा वाढलं, कुणाला सांगितलं न्हाई. आता सांगतो.’

मी ते पुन्हा एकदा वाचलं. म्हटलं, “पाठवा की हे. आज पाठवा.”

“आता कुठं, पाव्हणं.” त्यांनी बिलबुक मिटलं. “त्या जागी लोक हसलेत.”

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “काय म्हणले दाजी?” मी सगळं सांगितलं आणि माफी मागून आलो, हेही जरा मोठ्यानं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हसवलं तं साऱ्या गोतासमोर. मग माफी एकट्याजवळ काहून मागितली?”