जालनाप्रेमी ७०७ आणि माझा मेहुणा

माझा मेहुणा धम्मपाल एसटीत तिकीट तपासनीस होता. निवृत्त झाला, पण त्याची तपासणी काही थांबली नाही. माझ्या लग्नात त्याने पत्रिकेतली चूक काढली. अंबडला मी घर बांधलं, तेव्हा चहाला हात लावण्याआधी तो गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "दाजी, इथं पाणी तुंबणार बघा." त्या पावसाळ्यात पाणी तुंबलं. अशा माणसावर कोण प्रेम करील?

मी तातेराव, प्राथमिक शिक्षक. उभी हयात पोरांकडून 'हो गुरुजी' ऐकण्यात गेली. निवृत्तीनंतर 'हो' म्हणणारं कुणी उरलं नाही, कारण घरात फक्त बेबीनंदा, म्हणजे माझी बायको, आणि ती धम्मपालचीच बहीण. मग मी फेसबुकवर आठवणी लिहायला लागलो. रोज सकाळी एक पोस्ट, आणि खाली मास्तरकीच्या सवयीने पूर्ण पत्ता: तालुका अंबड, जिल्हा जालना. अर्जाखाली पत्ता नाही लिहिला तर अर्ज परत येतो, हे अंगात मुरलेलं.

आणि मला वाचक लाभला. नाव 'जालनाप्रेमी ७०७'. मी पोस्ट टाकायचा अवकाश, त्याच मिनिटाला हे गृहस्थ ती पुढे पाठवायचे आणि वर लिहायचे, "वा! अभिमान वाटतो." खाडा जवळजवळ नाहीच. मी आमच्या हेडमास्तरांच्या निधनाची पोस्ट टाकली, तिच्यावरही "वा! अभिमान वाटतो" आलं. मी जरा चपापलो, पण मग वाटलं, मृत्यूकडे इतक्या उंचीवरून पाहणारा माणूस साधा नसणार. मी त्यांना निरोप पाठवायचो, उत्तर यायचं नाही. मोठी माणसं कमी बोलतात, अशी मी समजूत घालून घेतली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागलीच नाही.

बेबीनंदा एकदा म्हणाली, "अवं, तुम्ही कायबी टाका, तो उचलून राह्यला. वाचतो का न्हाई, कोणाला म्हाईत?"

"तुला साहित्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. ती भाकरी थापत राहिली, मात्र जरा जोरात.

त्याच सुमारास मी वडिलांच्या सर्जा बैलाची गोष्ट पुन्हा टाकली. खाली धम्मपालने सगळ्यांदेखत लिहिलं, "दाजी, उन्हाळ्यात टाकली तवा सर्जा पांढरा होता. आता तांबडा कसा काय झाला?" त्यावर माझे जुने विद्यार्थीसुद्धा खिदळले. मी तिथल्या तिथे धम्मपालला ब्लॉक केलं. घरात दोन दिवस वरण अळणी झालं.

मग मी पोस्टांचं पुस्तक छापायचं ठरवलं. प्रकाशन म्हटलं की प्रमुख पाहुणा हवा, आणि तो कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी कार्यक्रमाची तारीख टाकून जाहीर विनंती केली: जालनाप्रेमी यांनी प्रमुख पाहुण्याची खुर्ची भूषवावी. त्याच मिनिटाला त्यांनी विनंती पुढे पाठवली. वर लिहिलं होतं, "वा! अभिमान वाटतो." याला होकार नाही तर काय म्हणायचं? मी पत्रिका छापल्या आणि अंबडभर वाटल्या. धम्मपालला दिली नाही.

"माझा भाऊ न्हाई, तर मी बी येणार न्हाई," बेबीनंदा म्हणाली. ती एकदा म्हणाली की म्हणाली.

कार्यक्रमाच्या आधी आमची प्रीती पुण्याहून आली. ती संगणकाच्या कामात आहे. पत्रिका पाहून तिने विचारलं, "पप्पा, हे सातशे सात कोण?" मग मोबाईल घेऊन ती त्या खात्यावर तासभर खाली खाली जात राहिली. तिथे माझ्या आठवणींच्या शेजारी जुना ट्रॅक्टर विकणे होता, हरवलेली शेळी होती, बोअरवेलवाल्याची जाहिरात होती. सगळ्यांवर तोच अभिमान. दिवस असो की रात्र, त्याच मिनिटाला. आणि माझ्या ज्या दोन-चार पोस्टांखाली घाईत पत्ता राहून गेला होता, तेवढ्याच त्यात नव्हत्या.

"पप्पा, हा माणूस न्हाई. यंत्र आहे. 'जिल्हा जालना' दिसलं की उचलतं."

मी मानायला तयार नव्हतो. ती म्हणाली, "मंग बघा तुम्हीच." मी मन घट्ट केलं आणि लिहिलं: "जालनाप्रेमी ७०७ हा इसम महामूर्ख असून त्याला वाचता येत नाही. तालुका अंबड, जिल्हा जालना." बोट उचललं नाही तोच ते गावभर झालं. वर लिहिलेलं होतं, "वा! अभिमान वाटतो."

मी हसलो नाही. प्रीती हसली नाही, हे तिचे उपकार. आपण वर्षभर कुणाशी बोलत होतो, हे कळल्यावर मला खरंच रडू आलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि प्रमुख पाहुण्याला बूड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटी पकडून जुन्या जालन्यात धम्मपालच्या दारात उभा राहिलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत तपासलं.

"पाहुणा येत न्हाई म्हणून मेहुणा आठवला का, दाजी?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोललो असतो तर त्याने पकडलंच असतं.

"पुस्तकात सर्जा कोणत्या रंगाचा छापला?"

"दोन्ही."

"मंग मला यावंच लागतंय," तो म्हणाला.

समाजमंदिरात पंचशील झालं, मी धम्मपालच्या खांद्यावर शाल घातली. त्यानेही मला एक घातली. बेबीनंदा पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. धम्मपालने पुस्तक उघडलं आणि एकेक चूक सांगू लागला. लोक पोट धरून हसत होते. शेवटी त्याने चष्मा काढला.

"दाजीनं मला ब्लॉक केल्तं. तरी मी सगळं वाचलं. रोज भाचीला फोन करायचो, ती पाठवायची. आन सर्जा पांढराच होता. दाजी माझ्या बहिणीला बघायला आल्ते, तवा गाडीला तोच होता. त्याला पाणी मीच पाजलं."

मी प्रीतीकडे पाहिलं. ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. बेबीनंदा पदराने डोळे पुसत होती.

घरी येऊन मी धम्मपालचा ब्लॉक काढला आणि कार्यक्रमाचा फोटो टाकला. पहिल्यांदाच खाली पत्ता मुद्दाम लिहिला नाही. बराच वेळ कुणाला अभिमान वाटला नाही. जेवणं झाली, अंथरुणं पडली, तेव्हा कुठे मोबाईल वाजला. धम्मपालने लिहिलं होतं, "दाजी, शाल उलटी पांघरली होती."