नबीलचा अर्धा राहिलेला सीझन आणि डॉ. कुमुदताई

डॉ. कुमुदताई सबनीस यांची आणि माझी पहिली भेट मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये झाली. अमेरिकेतला माझा तो पहिलाच हिवाळा. तोंडात सिगारेट धरून मी गाडीभोवतीचा बर्फ उपसत होतो. शेजारच्या गाडीतून उतरलेल्या बाई क्षणभर थांबल्या आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "किती वर्षं ओढताय?" मेलबॉक्सवरचे माझे आडनाव त्यांनी आधीच वाचले होते. मी उत्तर देण्याआधी फावडे त्यांच्या हातात गेले होते. "आधी श्वास घ्या. कार कुठे पळून जात नाही."

त्या हृदयरोगतज्ज्ञ आहेत, हे मला नंतर कळले. त्यांच्या वैद्यकीय कामाविषयी आणि इथल्या मराठी मंडळाच्या तपासणी शिबिरांविषयी त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी गाड्यांचा इंजिनियर. ऐंशीच्या दशकातल्या ज्या एका प्रसंगाने मी हादरलो आणि आजही आठवला की हादरतो, तो तेवढा मला सांगायचा आहे.

माझ्या ऑफिसात रशीद नावाचे एक ट्युनिशियन सहकारी होते. त्यांचा धाकटा भाऊ नबील तिकडच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये फॉरवर्ड खेळत असे. त्यांच्या समुद्रकाठच्या लहानशा गावाचा संघ त्या वर्षी पहिल्यांदाच वरच्या गटात चढला होता आणि राजधानीच्या बड्या संघांना हरवत सुटला होता. सामन्यांच्या कॅसेट रशीदना पार्सलने येत. तिकडची व्हिडिओ पद्धत वेगळी असल्याने त्या इथल्या व्हीसीआरवर चालत नसत, म्हणून त्यांनी खास वेगळा व्हीसीआर घेतला होता. रविवारी दुपारी आम्ही काही मराठी कुटुंबे त्यांच्याकडे जमत असू. क्रिकेटपलीकडे काही न कळणारे आम्ही, "नबील, नबील" असे ओरडू लागलो होतो. ताईंना फुटबॉलचे वेड नव्हते. त्या रशीदच्या हातचा पुदिन्याचा चहा प्यायला येत.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही असाच एक सामना पाहत होतो. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. नबील एकटाच धावत होता आणि धावता धावता कोसळला. थोड्या वेळाने उठला, प्रेक्षकांना हात केला आणि पुन्हा खेळू लागला. रशीद हसले. "हा लहानपणापासून नाटकी आहे," ते म्हणाले. आम्हीही हसलो.

ताईंनी कप खाली ठेवला. "रिवाइंड करा."

त्यांनी तो भाग पुनःपुन्हा पाहिला.

"त्याला कुणी धक्का दिला नाही," त्या म्हणाल्या. "आणि पडताना त्याने हात पुढे केले नाहीत. घसरलेला माणूस हात टेकतो. हा पडण्याआधीच बेशुद्ध झाला होता. रशीद, तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"नाही," रशीद म्हणाले. मग थोडे थांबून, "माझे एक काका समुद्रात बुडाले. पण तो अपघात होता."

"पोहता येत नव्हतं?"

"गावात त्यांच्यासारखा पोहणारा नव्हता."

हे वाक्य बोलता बोलताच रशीदचा चेहरा उतरत गेला. ती कॅसेट काही आठवड्यांपूर्वीची होती. त्यानंतरही नबील खेळतच होता.

"आजच नबीलला फोन लावा," ताई म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी तुम्ही स्वतः क्लिनिकला या."

"मी? मी तर फुटबॉल खेळत नाही."

"हृदय तर आहे ना?"

दुसऱ्या दिवशी रशीदच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. स्नायूची भिंत नको तेवढी जाड झालेली होती. हा आजार घराण्यात उतरतो, हे ताईंनी त्यांना समजावले. माझ्या शेजारच्या टेबलावर रोज हसतखेळत डबा खाणारा माणूस असे काही छातीत घेऊन फिरत होता, हे मला काही केल्या खरे वाटेना.

खरी लढाई फोनवर झाली. ट्युनिशियाचा फोन मोठ्या मुश्किलीने लागला. रशीद भावाशी अरबीत बोलत होते, ताई शेजारी बसून इंग्रजीत सांगत होत्या. मध्येच त्यांनी रशीदना थांबवले. "मी एवढं बोलले आणि तुम्ही दोनच शब्द सांगितलेत. त्याला दुखवू नये म्हणून गाळू नका. सगळं सांगा."

पलीकडून नबीलचा चिडलेला आवाज आम्हालाही ऐकू आला. संघ अव्वल होता, विजेतेपद हाताशी आले होते आणि अमेरिकेतली कुणी अनोळखी बाई त्याला खेळ थांबव म्हणत होती! शेवटी रशीदनी डोळे मिटले आणि स्वतःच्या तपासणीचे सांगितले. तेव्हा कुठे नबील तपासणीला तयार झाला.

ताईंनी ट्यूनिसमधल्या डॉक्टरांशी स्वतः बोलून तपासणी करवून घेतली. निदान तेच निघाले. उरलेले सामने नबील खेळला नाही. त्याचा संघ अखेरच्या सामन्यात हरला आणि विजेतेपद हुकले.

त्यानंतर जे घडले, त्याने आम्ही सुन्न झालो. ज्या गावाने नबीलला खांद्यावर घेतले होते, त्याच गावाने त्याच्या घरावर दगड मारले. तो भित्रा आहे, त्याने पैसे खाल्ले, असे लोक बोलू लागले. रशीदची आई बाजारात जाईनाशी झाली. हे सांगताना रशीद ऑफिसात सर्वांसमोर रडले.

ताईंनी मग त्या आईला रविवारी फोन करायला सुरुवात केली. दोघींची एकही भाषा समान नव्हती. ताई विचारत, "नबील?" पलीकडून उत्तर येई, "नबील, हम्दुलिल्लाह," म्हणजे देवाची कृपा. मग दोघी आपापल्या भाषेत बोलत राहत. मी एकदा विचारले, "ताई, कळतं का काही?" त्या म्हणाल्या, "तिचा मुलगा जिवंत आहे आणि तिला त्याबद्दल लाज वाटायला लावतायत. कुणीतरी आनंदाने त्याचं नाव घ्यायला नको का?"

काही वर्षांनी नबील पत्नी आणि लहान मुलीला घेऊन मिशिगनला भेटीसाठी आला. डेट्रॉइटच्या विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो होतो. ताईंना पाहताच तो जागच्या जागी थांबला. पाठ करून आणलेले इंग्रजी तो विसरला असावा. त्याने मुलीला उचलले आणि ताईंच्या हातात दिले. ती मुलगी कुमुदताईंच्या चष्म्याशी खेळू लागली. ताई एरवी रडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या दिवशी त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवून बराच वेळ विमानांकडे पाहिले.

नबील आज आजोबा आहे. त्याच गावातल्या मुलांना फुटबॉल शिकवतो आणि प्रत्येक मुलाची आधी तपासणी करवून घेतो. रशीद निवृत्त झाले, औषधे वेळेवर घेतात.

ताई, गेल्या वर्षी तुम्ही स्वतःची तपासणी दोनदा पुढे ढकललीत, अशी तुमचे यजमान अरविंदकाका यांची तक्रार आहे. पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांचे एवढे ऐका आणि या आठवड्यात ती करून घ्या. रिपोर्ट उत्तम येवो, आणि पुढची पुष्कळ वर्षे तुम्ही आम्हाला अशाच रागावत राहा.