फकीरव्वाची एक खोली

आमच्या गदगच्या गल्लीत फकीरव्वाची एकच खोली. त्यातच चूल, त्यातच खाट आणि कोनाड्यात यल्लम्मा. नवरा गेल्यापासून ज्वारीच्या कडक भाकरी थापून ती पोट भरायची. मुलींच्या वसतिगृहानं तिच्याकडं रोजच्या भाकरी लावायचं ठरवलं, तेव्हा बाईचं नशीब उघडलं असंच आम्हाला वाटलं. फक्त सरकारी परवाना हवा होता.

त्यासाठी बडिगेर साहेब खोली बघायला आले. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "अव्वा, झोपायच्या खोलीत धंद्याचा स्वयंपाक चालत नाही."

"मग काय, खाट बाहेर काढू?"

"खोली वेगळी पाहिजे, एवढंच म्हणतो मी."

भोळी बाई! दुसऱ्याच दिवशी तिनं खाट, ट्रंक आणि देवसुद्धा माझ्या ओसरीवर आणून ठेवले. "अक्का, घर भाकरीला दिलं. मला एक कोपरा दे." भर थंडीत ओसरीवर झोपायची आणि वर हसायची.

साहेब पुन्हा आले. सारवून-सवरून लख्ख केलेली खोली बघून खूश झाले, मग अडखळले. "अव्वा, इथं आता कुणीच राहत नाही?"

"तुम्हीच तर काढलंत मला!"

"अहो, मग हे घर कुठं राहिलं? धंद्याची जागा झाली. विजेचं मीटर धंद्याचं लागणार, नगरपालिकेचा दाखला, आग विझवायचं सामान..." बोलता बोलता त्यांचाच आवाज खाली गेला.

"राहिले तरी चुकलं, निघाले तरी चुकलं. साहेब, मी उभी कुठं राहू तेवढं सांगा."

साहेब कागद गोळा करून उठले. नियम त्यांनी थोडाच केला होता? तरी मला त्यांचा भयंकर राग आला.

वसतिगृह तरी किती दिवस थांबणार? त्यांनी हुबळीच्या एका कारखान्यातून यंत्रावरच्या भाकरी मागवायला सुरुवात केली. फकीरव्वानं आधी देव परत आपल्या खोलीत नेले, मग खाट. आणि थोड्याच दिवसांत त्याच कारखान्यात भाकरी पिशवीत भरायच्या कामाला लागली. पहाटेची बस, हातमोजे, डोक्याला टोपी.

परवा मी विचारलं, "कशी लागते गं ती यंत्राची भाकरी?"

"काय ठाऊक, अक्का," ती म्हणाली. "कामावरच्या बाईनं भाकरी तोंडात घालायची नाही, असा तिथं नियम आहे."