राठोड भेटायला निघाला होता

आमची पोस्ट बर्फात होती. कुठल्या सेक्टरमध्ये, ते सांगत नाही. पोस्टवर ख्रिस्ती मी एकटाच. मी हवालदार, गाव आखाडा बाळापूर. खालच्या पोस्टवर लान्स नायक बन्सी राठोड होता, सेनगावकडच्या तांड्याचा. फौजेत आपल्या मुलखाच्या माणसाला ग्राईं म्हणतात. अख्ख्या बटालियनमध्ये मला ग्राईं तो एकच.

दिवस ठरलेला असायचा. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज राहणं, मग बर्फ उपसणं, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करणं, दर तासाला रेडिओवर 'सब ठीक' देणं. संध्याकाळी फील्ड टेलिफोनवर राठोड भेटायचा. गावाकडं तुरीला शेंगा धरल्या असतील का, यावर आम्ही त्या बर्फात बसून वाद घालायचो.

नाताळच्या दोन दिवस आधी त्यानं विचारलं, "हवालदारसाब, तुमच्या सणाला नेमकं झालं काय व्हतं?"

"देव माणसांत आला."

"म्हंजी निरोप धाडला?"

"न्हाई. आधी लई निरोप धाडले, कोणी ऐकंना. मग सोता आला. थंडीत, गोठ्यात."

"हे बराबर केलं देवानं," राठोड म्हणाला. "मग फोनवर शुभेच्छा कायच्या द्यायच्या? परवा लिंक पेट्रोल वर येऊन राहिली. म्या नाव देतो."

"बर्फ लई पडून राहिला, बन्सी."

"तुमी चहा ठेवा."

लिंक पेट्रोल म्हणजे दोन पोस्टांमधली वाट तपासणारी तुकडी. ती जायचीच होती, हुकूम होता. पाळी मात्र राठोडची नव्हती.

२५ डिसेंबरला सकाळी आभाळ मोकळं झालं. मी प्रार्थना केली. आमचे सुभेदारसाहेब शीख. ते शेजारी हात जोडून बसले. तेवढीच आमची मंडळी. नऊच्या सुमारास रेडिओवर राठोडचा आवाज आला. 'चार्ली टू' हे रेडिओवरचं आमच्या पोस्टचं नाव.

"चार्ली टू, पेट्रोल नाले के पास. सब ठीक. ओव्हर."

मी हँडसेट घेतला. "आज का दिन याद है? ओव्हर."

"याद है. मिलके बोलूंगा. आउट."

थोड्या वेळानं वरच्या कड्याकडून बर्फ कोसळल्याचा गडगडाट ऐकू आला. मग रेडिओवर दुसराच आवाज, धापा टाकत. "चार्ली टू, स्लाइड आया. एक आदमी नीचे. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"राठोड."

सुभेदारसाहेब उठले. "रस्सी. बेलचे. तीन आदमी."

"साब, मैं जाऊंगा."

"चल."

बेलच्यांनी खणलं, नंतर हातांनी खणलं. दुपारी तो सापडला. श्वास नव्हता. खिशात भेटवस्तू वगैरे काही नव्हतं. माणूस भेटायला निघाला होता, एवढंच. मी तिथंच ढसाढसा रडलो. सुभेदारसाहेबांनी रडू दिलं.

आता रिटायर होऊन गावी असतो. बायको गेली. पोरगा पुण्यात. यंदा "नाताळला नक्की येतो, पप्पा" म्हणाला होता. मी खोली झाडली, गादी उन्हात टाकली. नाताळच्या सकाळी दार वाजलं, तर डिलिव्हरीवाला. चकचकीत खोका, वर 'हॅपी हॉलिडेज'. आत केक, मेणबत्त्या आणि लाल टोपी. टोपी! माझ्या टकलावर! खोका उलटासुलटा करून पाहिला. येशूचं नाव कुठंच नव्हतं.

बाजारात मोबाइलच्या दुकानापुढं हवा भरलेला सांता डुलत होता. शेजारी बोर्ड, 'नाताळ धमाका'. दुकानदार ओरडला, "ओ फौजी, तुमचाच सण हाय, फोटो तर काढा!" फोनवर तोच सांता, तेच चित्र, ह्यानं त्याला आणि त्यानं मला ढकललेलं. कोणाच्या मनात वाईट नाही, ते मला कळतं. पण सगळे निरोपच की हो! घरात फार एकटं वाटलं.

उपासना आटोपून सेनगावची एसटी धरली, पुढं जीप. बन्सीची आई ओसरीवर बसली होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. तिला आता नीट दिसत नाही. पावलं ऐकून म्हणाली, "आलास? बस."

बसलो. तिनं माझा हात हातात घेतला आणि दरवर्षीसारखं विचारलं, "तिथं थंडी लई व्हती का रे?"

"व्हती, याडी."

तेवढ्यात पोराचा फोन आला.

"पप्पा, केक मिळाला ना? सुट्टीच नाही मिळाली हो. कुठं आहात तुम्ही?"

"राठोडच्या घरी."

"राठोडकाका? पण ते तर कधीच गेले ना?"

"व्हय. त्याला आता येता येत न्हाई," मी म्हणालो. "म्हणून दर नाताळला मीच येतो."