टॅमरचं हिरवं रेशीम

टॅमर माझी धाकटी बहीण. सख्खी. आख्ख्या मॅकल्सफील्डमध्ये तिच्यासारखी बाई झाली नाही आणि माझ्यासारखा रेशीम विणणारा झाला नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. शाळेत मी दोनच हिवाळे गेलो, लिहिताना कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. टॅमरला जाऊन आता चार वर्षं झाली. तिची मुलगी फीबी लग्न होऊन लिव्हरपूलला सुखात आहे. म्हणून आता बोलायला हरकत नाही.

आम्ही मागावरची पोरं. टॅमर देखणी आणि जिभेनं तिखट. गिरणीवाला हेस्केथ तिच्यावर भाळला. लग्नाच्या झग्याचं हिरवं रेशीम मी विणलं. लग्नाला हिरवं अपशकुनी म्हणून आईनं तोंड वाकडं केलं, तर टॅमर म्हणाली, "दादाच्या हातचं आहे, मला हेच पाहिजे." माझ्या काठाला दोन पिवळे धागे आणि मधे एक तांबडा. गावात तसा काठ दुसऱ्या कुणाचा नव्हता. लग्न मँचेस्टरला झालं, गावातलं कुणी नव्हतं. पण त्या रेशमाबद्दल मी दहा वर्षं गुत्त्यात इतकं बोललो, की मला बघून लोक ग्लास उचलून दुसऱ्या बाकावर जायचे.

मग हेस्केथ वारला. मृत्युपत्रात त्यानं फीबीचं पालकपण भावाला, जोशुआला दिलं. टॅमरनं घराण्याला न शोभणारं काही केलं, तर जोशुआनं पोरगी उचलून आपल्या घरी न्यायची. कायदाच तसा होता. आईला कोण विचारतंय.

आणि आम्ही तेव्हा सनदवाले. प्रत्येक पुरुषाला मत मिळालं पाहिजे म्हणून झगडत होतो. आमचं नाव काढलं की मालकांचं जेवण कडू व्हायचं. आमची माणसं तुरुंगात गेली, तर त्यांच्या दारात कोळसा येऊन पडायचा, पिठाची पोती यायची. आमचं पत्रक छापायला कागद यायचा. कोण पाठवतं कळत नव्हतं. मलाही नाही. उलट मीच सगळ्यांत मोठ्यानं सांगायचो, की आमच्यात गिरणीवाल्यांच्या घरातलं काडीइतकंही काही नाही.

त्या वर्षी व्हिटसनच्या सणातल्या शनिवारी आमची मिरवणूक होती. झेंड्याला हिरवं रेशीम हवं होतं, आणि तेही कुणीतरी केझायाच्या दारात टोपलीत ठेवून गेलं. केझाया म्हणजे तुरुंगातल्या आमच्या एका सोबत्याची बायको. तिनं आणि चार बायकांनी झेंडा शिवला. मैदानात तो उलगडला तेव्हा जॉब लोमस, माझ्या शेजारच्या मागावरचा, वाकून कड बघायला लागला.

"एनॉक, इकडं ये. हा काठ कुणाचा रे?"

दोन पिवळे, मधे तांबडा. कोळसा, पीठ, कागद, सगळं एका क्षणात कळलं. नवं रेशीम घेतलं असतं तर दुकानातून जोशुआला कळलं असतं, म्हणून टॅमरनं स्वतःचा लग्नाचा झगा उसवला होता. पण काठ कापायचा राहिला. दहा वर्षं हातमोजे घालून ती विसरली, की विणकर कापडाचा आधी काठ बघतो.

"अगंबाई, हे तर टॅमरच्या लग्नाचं," केझाया म्हणाली. "म्हणजे ते पीठसुद्धा..."

भोवती चाळीस माणसं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट जोशुआच्या कानावर गेली असती.

"तिचं कुठलं?" मी म्हणालो. "तिनं घातलंच नाही ते."

"काय म्हणतोस?"

"परत पाठवलं. सासरी माझं काम जाडंभरडं वाटलं. लंडनहून दुसरं आणलं. लाजेनं बोललो नाही. माझ्या पेटीत पडून होतं, मीच टोपलीत ठेवलं."

जॉब हसायला लागला. "दहा वर्षं आमचे कान किटवलेस, आणि माल तुझ्याच पेटीत?"

"हो."

"सख्ख्या बहिणीनं नाक मुरडलं?"

"मुरडलं."

"मग कोळसापण तूच पाठवला असशील."

"माझ्याकडं कोळसा असता तर मी हिवाळाभर खोकलो असतो काय?"

सगळे हसले. केझाया मात्र हसली नाही. "मऊ गादी मिळाली की माहेर विसरतात मेल्या," ती म्हणाली आणि टॅमरला जे काय बोलली ते मी लिहिणार नाही. त्या केझायाच्या पोरांनी सबंध हिवाळा टॅमरचं पीठ खाल्लं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे," आणि झेंड्याची काठी धरून चालायला लागलो. गावभर पोरं मागून ओरडत होती, "जाडाभरडा एनॉक!"

दुसऱ्या दिवशी रविवार. चॅपेलच्या दारात जोशुआ उभा, शेजारी काळ्या कपड्यांत टॅमर, तिचा हात धरून फीबी. टॅमरच्या लग्नावेळी जोशुआ इटलीत कच्चं रेशीम घ्यायला गेला होता, त्यानं झगा पाहिला नव्हता.

"काय रे एनॉक, त्या टोळक्याच्या झेंड्याला वहिनींचं रेशीम होतं म्हणे?"

मी तोंड उघडणार, तोवर टॅमरच बोलली. गावची बातमी रात्रीच तिच्या स्वयंपाकघरात पोचली असणार.

"माझं कशाला असेल भावजी? मी ते परत केलं होतं. फार जाडंभरडं होतं."

दारातली माणसं ऐकत होती. टॅमरनं माझ्याकडं बघितलं नाही. तिचा आवाज नीट होता, पण फीबीचा हात तिनं घट्ट धरला होता.

"शहाणपणा केलात," जोशुआ म्हणाला आणि टोपी काढून बाजूला झाला.

मायलेकी आत गेल्या, पुढच्या बाकावर बसल्या. मी मागं जॉबशेजारी. पहिलं भजन सुरू झालं तेव्हा दोघी एकाच पुस्तकातून गात होत्या.