हलूनकाबाईंच्या थापा

अख्ख्या हॉस्पिटलात त्यांना हलूनकाबाई म्हणत. पेशंट एमआरआय मशीनमध्ये सरकला की शेजारच्या खोलीतून माइकवर त्यांचा ठरलेला हुकूम सुटायचा, "अजिबात हलू नका!" गंमत म्हणजे बाईंच्या स्वतःच्या पायाला भिंगरी. लहानपणी आईनं वेणी घालायला बसवलं, तर अर्ध्या वेणीनिशी पळायच्या. नवरा म्हणायचा, "घरात बूड टेकत नाही आणि जगाला शहाणपण शिकवते!"

एका दुपारी एक ओली बाळंतीण आली. डोकं ठणकत होतं, नजर धूसर झाली होती. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी अडकली असावी, असा डॉक्टरांना संशय होता. पण पोटावरचे टाके ताजे. शीर नीट दिसल्याशिवाय रक्त पातळ करायचं औषध द्यायला ते धजत नव्हते, आणि उशीर झाला तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं.

पहिल्या फोटोत सगळ्या शिरा फरफटल्यासारख्या आल्या. पोर हलली होती.

"हलू नका म्हटलं ना!" बाई खेकसल्या.

"बाळ रडतंय हो माझं," आतून हुंदका आला. "या ठकठकीतही मला ऐकू येतंय."

त्या दणदणाटात बाळ काय, बँडबाजाही ऐकू आला नसता. पण आईच्या कानांना कोण समजावणार? बाईंनी दार उघडून व्हरांड्यात डोकावलं. आजी बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती आणि ते कार्टं खरंच टाहो फोडत होतं.

बाईंनी दार लोटलं, माइक सुरू केला. "झोपलंय गं. मूठ तोंडात घालून, अगदी गाढ."

मग मशीन जरा थांबलं की एक बातमी. "आता जांभई दिली." "आता झोपेत हसलं." बाई थापांवर थापा मारत सुटल्या, हलू नका म्हणायचंच विसरल्या. आणि पोर हलली नाही. शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या स्वच्छ उमटल्या. त्यातली मागची जाड फांदी मध्येच तुटली होती. गुठळीच ती. डॉक्टरांनी त्याच दुपारी औषध सुरू केलं.

काही महिन्यांनी ती पोर पुन्हा तपासणीला आली, सोबत आजी आणि बाळ. फोटो पाहून डॉक्टर हसले. तुटलेली फांदी जुळून आली होती, शीर मोकळी झाली होती. बाईंचे डोळे भरून आले.

"त्या दिवशी बाळ झोपलं नव्हतं ना?" पोरीनं हळूच विचारलं. "तुम्ही माइक सुरू केलात की त्याचा टाहो मला चक्क ऐकू यायचा."

बाई चपापल्या. "मग हलली कशी नाहीस?"

"ना ओळख ना पाळख, आणि तुम्ही माझ्यासाठी एवढं जीव तोडून खोटं बोलत होतात. म्हटलं, आपण निदान पडून तरी राहावं."

बाईंनी आजीकडून बाळ घेतलं आणि त्या खुर्चीत बसल्या. जरा वेळानं बाहेरून दोनदा हाक आली. बाळ त्यांच्या मांडीवर मूठ तोंडात घालून गाढ झोपलं होतं. बाई जराही हलल्या नाहीत.